न चाखणारा आचारी

लग्न ठरलं की मुलीकडचे लोक आधी मंगल कार्यालय पाहतात आणि मग आचारी. कार्यालयात गेल्यावर पंखे, नळ, संडास सगळं तपासतात. आचाऱ्याकडे आल्यावर फक्त पोट पाहतात. तुम्हाला स्वयंपाक येतो का, असं मला आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही. पोट असलं म्हणजे येत असणार, असं ते धरून चालतात. माझं पोट भरघोस होतं. वाशिमपासून मानोऱ्यापर्यंत लोक माझं नाव विसरत, पण "तो मोठा आचारी" म्हटलं की मलाच निरोप येई.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आचाऱ्याचं काम म्हणजे चव. चव लागतेच, पण खरं काम पुरवठ्याचं. यजमान सांगतो पाचशे माणूस, येतात आठशे, आणि त्या वरच्या तीनशेंनाही तेवढीच भूक असते. तेव्हा आचाऱ्याला वाचवतो तो भात, पोळी आणि गोड. आमच्या धंद्यातली साधी गोष्ट सांगतो. बुंदी आधी वाढली की भाजी पुरते. भात लवकर फिरवला की वरणाला पाणी घालायची वेळ येत नाही. भाजी महाग, निवडायला वेळ, चिरायला माणसं. पीठ, तांदूळ आणि साखर स्वस्त, आणि पोट तेच भरतात. म्हणजे मी आयुष्यभर लोकांची पोटं पिठानं आणि साखरेनं भरत आलो. लोक ढेकर देत, हात धुवत आणि मला नमस्कार करून जात. त्यात कोणाचं काही वाईट झालं असेल, असं मनातही आलं नाही.

मी स्वतः लग्नात जेवत नसे, चाखत असे. पाक चाखायचा, बुंदी चाखायची, भाताचं शीत दाबून पाहायचं आणि मग ते टाकायचं कुठं म्हणून तोंडात टाकायचं. पहिल्या घाण्याची पुरी खायची, कारण पहिली पुरी नेहमी बिघडते. पंगती उठल्यावर मात्र बसून जेवण. ते मी आणि शेषराव एकाच परातीत जेवत असू.

शेषराव अनसिंगचा. बुंदी पाडणारा त्याच्यासारखा मी पाहिला नाही. बुंदी पाडणं म्हणजे बेसनाचं पातळ पीठ झाऱ्यावर ओतायचं आणि झारा कढईच्या काठावर ठोकत राहायचं. ठोका चुकला की दाणा गोल पडत नाही, शेपूट येतं. शेषरावच्या बुंदीला शेपूट नसे. आम्ही दोघांनी मिसरूड फुटायच्या वयात एकाच उस्तादाच्या हाताखाली भांडी घासली आणि पुढं जन्मभर एकाच भट्टीवर उभे राहिलो. दुपार कलली की परातीत भात, त्यावर वरण, बाजूला बुंदीचा ढीग, आणि दोघं समोरासमोर. भावाभावांचं इतकं जमत नाही. भावांमध्ये वाटणीचं वावर, म्हणजे शेत असतं, आमच्यात फक्त बुंदी होती.

माझ्या साखरेचा शोध रोडग्यांमध्ये लागला. शेषरावच्याच गावाला एका घरचा नवस होता. आमच्या भागात नवस फिटला की शेतात रोडगे करतात. कणकेचे पदर घातलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. मी आरापाशी उभा राहून रोडगे उलटत होतो. जळका वास आला. मी ओरडलो की कोणाचं लक्ष आहे का, एक रोडगा जळून राहिला. पोरांनी सगळे रोडगे पाहिले. एकही जळलेला नव्हता. वास वाढतच गेला. शेवटी शेषराव म्हणाला, "रोडगा नाई गा, तुया पाय जळून राह्यला."

खाली पाहिलं तर मी इंगळावर उभा होतो. चपलेचा तळ वितळून टाचेला चिकटला होता. मला काहीच कळलं नव्हतं. दुखत नाही म्हणून मी खूशही झालो. पाण्याची बादली ओतून घेतली, फडकं बांधलं आणि पंगत वाढून दिली. लोक म्हणाले, काय सहनशक्ती आहे.

सहनशक्तीचं कारण वाशिमच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. वय माझ्या मुलीएवढं असेल, बोलणं शांत. त्यांनी रक्त तपासलं, पायाला सुईचं टोक लावून विचारलं, काय वाटतं. मी म्हटलं, कधी लावणार? त्या म्हणाल्या, लावून झालं. साखर खूप वर्षांपासून वाढलेली असावी, तिनं पायाच्या शिरा बधिर केल्या, असं त्यांनी समजावून सांगितलं. जखम भरली नाही तर टाच काढावी लागेल, आणि टाच काढली की गोष्ट टाचेवर थांबत नाही, हेही सांगितलं. आवाज जराही न चढवता सांगितलं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी म्हटलं, चहातली साखर आजपासून बंद. त्या म्हणाल्या, चहातली साखर हा तुमचा प्रश्न नाही. मग त्यांनी काय काय सोडायचं ते तोंडीच सांगायला सुरुवात केली. साखर, गूळ, भात, पोळी, भाकर, पोहे, साबुदाणा, आलू. पिठाचीही शेवटी साखरच होते आणि माझ्या शरीराला ती आता आवरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बाई, उरलं काय?"

"भाजी उरली," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोकांना चमचाभर वाढता ना, ती."

अंडी खा, ताक प्या, शेंगदाणे मूठभर, पनीर, पालेभाज्या पोटभर. गोळ्याही लिहून दिल्या आणि बजावलं की आहार बदलला की साखर उतरेल, तेव्हा गोळ्या त्या स्वतः कमी करतील. मी माझ्या मनानं कमी करायच्या नाहीत. आहार बदलून सोबत गोळ्याही टाकून देणारा एखादा माणूस त्यांनी पाहिला होता की काय कोण जाणे. मला त्यांनी दोनदा बजावलं.

घरी कांताला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकलं आणि रात्री ताटात नेहमीसारख्या चार पोळ्या वाढल्या. मी म्हटलं, अगं, आताच तर सांगितलं. ती म्हणाली, "सांगतलं ते समजलं. पण पोळीबिगर ताट वाढलं तं शेजारीण म्हनन का भांडण झालं." शेजारीण आमच्या जेवणाला कधीच हजर नसते. तरी तिची काळजी होती. आठवडाभर कांता पोळ्या वाढायची, मी बाजूला काढायचो, आणि त्या सकाळी कुस्करून गायीला जायच्या. मग एक दिवस ड्रेसिंग बदलताना तिनं माझी टाच पहिल्यांदा उघडी पाहिली. त्या संध्याकाळी ताटात वांग्याचं भरीत, अंबाडीची भाजी, दोन उकडलेली अंडी आणि गडूभर ताक होतं. पोळीचा डबा तिनं फडताळात वर ठेवून दिला. तिला तिथवर हात पुरत नाही. स्टूल घेऊन ठेवला असणार.

घरी सोपं होतं. अवघड होतं ते भट्टीवर. न चाखता स्वयंपाक कसा करायचा? पण विचार करता आठवलं की भंडाऱ्याचा स्वयंपाक आम्ही कधीच चाखत नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी तोंड लावायचं नसतं. गावंच्या गावं जेवतात आणि मीठ कधी चुकत नाही. मग लग्नातच एवढं चाखायची गरज काय होती? याचं उत्तर मला लगेच मिळालं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. पाक दोन बोटांत धरला की तार सांगते, जिभेचं काम नसतं. पुरीचा आवाज बदलतो. भात शिजला की वाफेचा वास बदलतो. भाजी तेवढी चाखायची, आणि भाजी मला चालत होती.

पहिले काही दिवस डोकं दुखलं, अंगात त्राण नव्हतं, आणि बुंदीच्या कढईपाशी उभं राहिलं की डोळ्यांत पाणी यायचं. धुरानं येतं असं मी सांगत असे. भट्टी गॅसची होती. पुढं हळूहळू भूक शहाणी झाली. दुपारची गुंगी गेली. पोट उतरू लागलं. साखर उतरली, बाईंनी एक गोळी कमी केली, मग आणखी एक अर्धी केली. टाच भरायला मात्र सगळा पावसाळा गेला. भरली त्या दिवशी बाईंनी टाच दाबून विचारलं, काय वाटतं. मी म्हटलं, थोडं दुखते. त्या हसल्या. दुखल्याबद्दल मला कोणी शाबासकी दिली, ती ही पहिलीच वेळ.

तब्येत सुधारली आणि धंदा बसला. मानोऱ्याकडचे एक गृहस्थ पोरीच्या लग्नासाठी आले. अंगणात मी खाटेवर बसून लसूण सोलत होतो. त्यांनी मला विचारलं, आचारी कुठं गेले? मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, "तुमी नाई, ते मोठे." मी म्हटलं, तेच मी. ते थोडा वेळ बसले, पाणी प्यायले, घराच्या आत दोनदा पाहून घेतलं, आणि घरी विचारून सांगतो म्हणून गेले. ते लग्न मंगरूळच्या एका आचाऱ्यानं केलं. त्याचं पोट मी पाहिलेलं आहे. गावात बातमी पसरली की मला मोठा आजार झाला. लोक भेटायला येत, माझ्यापाशी हळू आवाजात बोलत आणि जाताना कांताला बाजूला घेऊन विचारत, डॉक्टर काय म्हणतात. कांता सांगायची, डॉक्टर म्हणतात लय चांगलं हाय. त्यावर लोक मान हलवायचे. घरच्यांना असंच सांगावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

एकानं मात्र आजाराचं नावही काढलं नाही. तो शेषराव.

साखर त्यालाही होती. माझ्या आधीपासून. गोळी खायचा आणि वर बुंदी खायचा. गोळी कशाला आहे मग, असं म्हणायचा. मी त्याला डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, तुया पाय जळला म्हणून तू घाबरला. दुसऱ्यांदा सांगितलं तर म्हणाला, त्याचे वडील रोज भाकर खाऊन म्हातारे झाले. मी म्हटलं, ते दिवसभर वखरामागं चालत. आपण कढईमागं उभे राहतो. त्यावर तो दोन लग्नं माझ्याशी कामापुरतं बोलला.

पंगती उठल्यावर परात यायची. मी माझा डबा उघडायचो. त्यात कांतानं दिलेली भाजी आणि अंडी. समोर शेषराव परातीत एकटा. पहिल्यांदा त्यानं परातीच्या मधोमध बोटानं रेघ ओढली आणि आपल्या बाजूचंच जेवला. माझ्या बाजूचा भात तसाच राहिला. पुढं तो दोन्ही बाजूंचं जेवायला लागला. ते मला दिसत होतं. मी पथ्य सोडलं असतं तर तो खूश झाला असता, आणि माझी टाच गेली असती. मधला रस्ता मला सुचला नाही. आजही रुखरुख लागते ती तेवढ्याचीच. त्याच्यासाठी दुसरा डबा आणायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

मग जऊळक्याचं लग्न आलं. शांतीलालजी म्हणून तिथले धान्याचे जुने व्यापारी, जैन घर. त्यांच्या सगळ्या मुलांच्या लग्नांचा स्वयंपाक आम्हीच केलेला. आता नातीचं लग्न होतं. माझं पोट गेलेलं पाहून त्यांनी फक्त एवढंच विचारलं की हात तेच आहेत ना. जैन लग्नात कांदा, लसूण, आलू नसतो आणि सूर्य मावळायच्या आत पंगती उठाव्या लागतात. उशीर चालत नाही. ऊन उतरायला लागलं की सगळे घड्याळ सोडून आभाळाकडे पाहतात.

दुपारी शेषराव बुंदीवर बसला. पहिला घाणा करपला. त्याच्या हातून घाणा करपलेला मी कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, तेल तापलं असेल. आंच कमी केली. दुसरा घाणा कच्चा निघाला, मऊ, पाकात टाकला तर विरघळून गेला. शांतीलालजींचा मुलगा येऊन एकदा पाहून गेला. मी शेषरावच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्याचा ठोका तसाच होता, एकसारखा, दाणाही गोल पडत होता. पण तो कढईत पाहत नव्हता. मान वाकडी करून कान कढईकडे लावून बसला होता. थोड्या वेळानं पुटपुटल्यासारखं म्हणाला, "सुखदेव, रंग आला काय रे?"

मी कढईत पाहिलं. रंग केव्हाच आला होता.

मी विचारलं, कवापासून दिसत नाही? तो म्हणाला, उजव्या डोळ्यानं दिवाळीपासून, डाव्यानं धुकं पडल्यावानी दिसते. घरी सांगितलं नाही. मलाही सांगितलं नाही.

तेव्हा काही बोलत बसायला वेळ नव्हता. ऊन उतरत होतं. मी झाऱ्याच्या पलीकडं उभा राहिलो. तो ठोकत होता आणि मी कढईत पाहत होतो. रंग आला की मी म्हणायचो, "काढ." तो काढायचा. पीठ ओतायचं असलं की म्हणायचो, "टाक." बाकी एक शब्द नाही. भाजी चिरायला आलेल्या बायांनी काय ते ओळखलं आणि माझ्या भाज्या त्यांनी परस्पर सांभाळल्या. ती सगळी बुंदी अशी निघाली, एकाचे हात आणि एकाचे डोळे. शेवटची पंगत उठली तेव्हा भिंतीवर ऊन होतं. शांतीलालजी स्वतः भट्टीपाशी आले, बुंदी छान झाली म्हणाले आणि खाल्ली मात्र नाही. त्यांनाही साखर होती, हे मला त्या दिवशी कळलं.

परात आली. मी ती उचलून बायांकडे दिली आणि माझा डबा शेषरावच्या पुढं ठेवला. डब्यात कोबी, पनीर आणि काकडी होती, जैन घर म्हणून अंडी आणली नव्हती. मी म्हटलं, अर्धं तुझं. तो चाचपडत जेवला. जेवण झाल्यावर म्हणाला, "मीठ कमी हाय." मीठ बरोबर होतं. तो रडत होता, म्हणून मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं, तिथून अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तिथं लेझर केलं. उजवा डोळा गेला तो गेलाच. डावा राहिला. परतीच्या गाडीत मी त्याला म्हटलं की मी आणखी जोर करायला पाहिजे होता. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, "म्या आयकलंच नसतं. तू एकटा जेवत होता ना, ते मले पाहवत नव्हतं. म्हणून तुया वाट्याचंबी म्याच खाल्लं." जऊळका स्टेशन गेलं, अंधार पडला, आणि दोघं वाशिमला उतरलो.

तेव्हापासून कांता दोन डबे देते. शेषरावचं पोट माझ्यापेक्षा लवकर उतरलं, कारण तो कोणतीही गोष्ट अर्धी करत नाही. सकाळी तो अनसिंगच्या रस्त्यानं चालून येतो, डाव्या डोळ्यानं पुढचं पाहत आणि उजव्या बाजूला हातात काठी धरून. आता बुंदी पाडायला तो बसतो आणि "काढ, टाक" म्हणायला मी उभा राहतो. लोकांना वाटतं ही आमची काहीतरी जुनी पद्धत आहे. एका यजमानानं तर त्याचा व्हिडिओ काढला. आम्ही लग्नाच्या जेवणात भाजी तीन प्रकारची ठेवायला लागलो, आणि ज्याला पोळी-भात नको त्याच्यासाठी वेगळी पंगत. पहिल्या लग्नात त्या पंगतीला एक म्हातारे मास्तर आणि त्यांचा ड्रायव्हर एवढेच बसले होते. ड्रायव्हर चुकून बसला होता. आता ती पंगत बऱ्यापैकी भरते.

या दिवाळीच्या आधी आम्ही दोघं बाईंकडे तपासणीला गेलो होतो. कागद पाहून त्या म्हणाल्या, शेषराव, छान. शेषरावनं लगेच विचारलं की मग दिवाळीला एक बुंदीचा लाडू चालेल काय. बाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, अर्धा. तो बाहेर आला आणि म्हणाला, अर्ध्यातला अर्धा तुले.

पाव लाडू माझा, पाव लाडू त्याचा. विकतचा आणायचा नाही, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. पण अडचण अशी की आम्हाला एक लाडू करता येत नाही. आमचा सगळा अंदाज कढईचा. कमीत कमी घाणा धरला तरी बेसन पाच किलो. कांतानं विचारलं, कायले? आम्ही म्हटलं, लाडवाले. ती आत निघून गेली. अंगणात भट्टी मांडली, त्यानं ठोकलं, मी पाहिलं, पाक धरला, लाडू वळले. एका लाडवाचा अर्धा भाग घेऊन त्याचे दोन तुकडे केले आणि तुळशीपाशी उभं राहून खाल्ले. चव आधीसारखीच होती. शेषराव म्हणाला, साखर जरा जास्त झाली. पूर्वी याच मापाला तो कमी म्हणायचा.

आता राहिलेले लाडू. फेकायचे तर अन्न, ठेवायचे तर घरात दोन साखरवाले. गल्लीत वाटायचं ठरलं. शेषराव म्हणाला, असे नाही वाटायचे, विचारून वाटायचे. म्हणून त्यानं मोठं ताट हातात धरलं, मी शेजारी चाललो आणि प्रत्येक दारात तो थांबून एकच गोष्ट विचारत होता.

"घरात कोणाले साखर हाय काय?"

बहुतेक घरांतून उत्तर आलं, "हाय ना," आणि त्याच माणसानं ओंजळ पुढं केली.